गाळलेलं दीड पान

किन्हीराजाच्या फाट्यावर जीपच्या टपावरून वच्छलाची कागदांची गुंडाळी खाली आली, तेव्हा तिला गुंडाळी म्हणणं अवघड होतं. शेलूबाजारात तासभर घासाघीस करून तिनं चोवीस जाड पांढरे कागद घेतले होते आणि त्यांच्यावर कुणाची तरी काळी लोखंडी पेटी आरामात बसून आली होती.

“पेटी कोणाची हाय?” तिनं विचारलं. शाळेत हा आवाज निघाला की पाचवीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. जीपमधली माणसंही झाली.

“माही,” म्हणत एक उंच, सावळा तरुण पुढं आला.

मग वच्छलाबाईंनी त्याला चांगलंच धारेवर धरलं. कागदावर लोखंड ठेवतात का, डोळे कुठं होते, आता शाळेचं हस्तलिखित काय केळीच्या पानावर काढायचं... तो हात सरळ सोडून, मान न हलवता सगळं ऐकत राहिला. इतकं नीट ऐकत राहिला की बोलता बोलता तिलाच कसंसं झालं. तिचं संपल्यावर तो म्हणाला की पेटीनं मोडलेत, तर पेटीच सरळ करील. आणि तिथंच, फाट्यावर, सगळ्यांसमोर त्यानं पेटी उघडली, घडीच्या कपड्यांखाली एकेक कागद पसरला, झाकण लावलं आणि पेटी खांद्यावर घेतली.

“परवा घेऊन जा, बाई. तायड्याचं घर कोणालेही इचारा.”

म्हणजे पेटी त्याची, चूक त्याची आणि हेलपाटा हिला. वच्छला त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. रागानंच पाहत होती, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर आत्यानं, लिलाबाईनं, माहिती पुरवली. तो गोजराबाईचा इंद्रभान. पलटणीत आहे, बांगलाच्या लढाईत होता. लढाई संपून वर्ष उलटलं, तरी गावाकडं फिरकला नव्हता. दोनदा मिळालेली सुट्टी त्यानं सोडून दिली म्हणे. लोक म्हणत, पोरगं शेफारलं. पण लिलाबाईचं म्हणणं निराळं होतं. तांड्यावरच्या रतनसिंगचा सेवालाल आणि हा, दोघं एकाच दिवशी भरती झाले होते. एक आला, एक नाही आला. “अन् तांड्यावर पाय नाई टाकला अजून यानं,” आत्या म्हणाली. “कोणत्या तोंडानं जाईन?”

दोन दिवसांनी वच्छला कागद आणायला गेली. कागद इस्त्री केल्यासारखे सरळ झाले होते, वर डांबराच्या गोळ्यांचा वास. गोजराबाईनं चहा टाकला. आलीच आहे तर कामाचं बोलून घ्यावं म्हणून वच्छलानं विषय काढला. शाळेचं हस्तलिखित दरवर्षी निघतं, ‘वावर’ नावाचं. एकच प्रत असते. ती बाई आपल्या अक्षरात लिहितात, मुलं चित्रं काढतात आणि स्नेहसंमेलनात त्यातलं निवडक वाचून दाखवतात. यंदा युद्ध विशेषांक आहे. तर इंद्रभाननं त्यात लिहावं काहीतरी.

इंद्रभान म्हणाला की आपण पत्रात ‘मी खुशाल आहे’ याच्यापुढं कधी गेलो नाही.

“हेडमास्तरसायेबायले अंगावर काटा येईन असं पाहिजे,” ती म्हणाली.

“मंग त्यायलेच लिहू द्या. त्यायनं लय लढाया वाचल्या अस्तीन.”

तिला हसू आलं. हेडमास्तर दौलतरावांनी खरंच पुष्कळ लढाया वाचल्या होत्या, आणि शाळेच्या कपाटातली ती पुस्तकं तिनंही वाचली होती. सगळ्यांत रक्ताचे पाट वाहत, तलवारी खणखणत, पण कुणी मान वर करून एकदाही आभाळाकडं पाहत नसे. हे कसं, असं तिला नेहमी वाटायचं. इतकी माणसं इतके दिवस उघड्यावर, आणि एकालाही काही दिसत नाही?

“एक इचारू का?” ती म्हणाली. “तिकडे... सुंदर असं काही दिसलं का हो तुमाले?”

इंद्रभानची बशी ओठांशी जाता जाता थांबली. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि वच्छलाला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

“असं कोणी इचारत नाई,” तो म्हणाला.

“मी इचारलं.”

“हो... तुमी इचारलं.”

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या निंबाखाली हजर. हातात वहीचं एक पान. त्या पानात एक तळं होतं आणि तळ्यावर पांढरी फुलं होती, ज्यांचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. तोफा चालू असताना एक म्हातारी काठावर उभी राहून आपली बदकं मोजत होती आणि पाणी गढूळ केलं म्हणून पलटणीला शिव्या देत होती. भाषा कळली नाही, पण शिव्या कळल्या, असं त्यानं लिहिलं होतं. वच्छला वाचता वाचता खुदकन हसली आणि लगेच लाल शाईनं सात चुका काढल्या.

मग हे रोजचंच झालं. तो पान आणायचा, ती चुका काढायची. तो म्हणायचा, चुका मुद्दाम करतो. नाही केल्या तर बाई पाच मिनिटांत पान परत देतील. ती म्हणायची, इतक्या चुका मुद्दाम कुणाला जमत नाहीत. तिनं पक्क्या अक्षरात उतरवून दाखवलेलं पहिलं पान त्यानं दोन्ही हातांत धरलं.

“आमचा सुभेदारही या अक्षराले सलाम ठोकीन.”

“अक्षराले का माणसाले?”

“अक्षर काय माणसाबिगर येते?”

त्या साली पावसानं तोंड फिरवलं होतं. निंबाखाली धूळ होती, विहिरीत खडखडाट होता, पोरं रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणत होती. आणि वच्छलाला मात्र मधल्या सुट्टीची घंटा ऐकली की बरं वाटायचं. का, ते विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

शेवटची पानं त्यानं हातात दिली आणि तो थांबला नाही, पाठ फिरवून निघून गेला. दीड पान होतं. त्यात सेवालाल होता. वच्छलानं ते वर्गात उभ्या उभ्या वाचलं आणि पाचवीच्या मुलांना सांगितलं की डोळ्यात खडूची भुकटी गेली.

दौलतरावांनी मात्र सगळं वाचून चष्मा काढला. यात युद्ध कुठं आहे, त्यांनी विचारलं. बदकं आहेत, फुलं आहेत, मोहरीची वावरं आहेत. शत्रूची दाणादाण कुठं आहे? वच्छला जन्मात कुणाशी भांडली नसेल इतकी त्यांच्याशी भांडली. तासभर. शेवटी त्यांनी हात टेकले, पण एक अट घातली. फुलं राहू द्या, बदकंही राहू द्या, पण ते शेवटचं दीड पान काढायचं. संमेलनाला रतनसिंगचा सत्कार आहे, तो पहिल्या रांगेत बसणार. म्हाताऱ्या बापानं भर मांडवात पोराचं मरण ऐकायचं?

हे वच्छलालाही पटलं. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच झालं. ते दीड पान आपल्या अक्षरात उतरवायचं तिच्या जिवावरच आलं होतं. तिनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, बाकीचं जीव ओतून लिहिलं, समासात पिवळी फुलं काढली आणि गुरुवारी निंबाखाली मोठ्या उत्साहानं त्याच्यापुढं धरलं. शनिवारी संमेलन होतं. सोमवारी तो जाणार होता.

त्यानं पहिल्यापासून वाचलं. पानं उलटली. शेवटचं उलटलं, मग मागची कोरी बाजूही पाहिली.

“सेवालाल कुठं हाय याच्यात?”

तिनं कारण सांगितलं. सगळं सांगितलं, हेडमास्तरांची अट, रतनसिंगचा सत्कार, भर मांडव. तो ऐकत राहिला. तसाच, फाट्यावर ऐकलं होतं तसा. फक्त यावेळी त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

“हे वाचू नका मंग,” तो म्हणाला. “माहं नाव खोडून टाका.” आणि तो गेला.

दुपारचे तास तिनं कसे घेतले तिलाच माहीत. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून तिनं आपणच लिहिलेलं पुन्हा वाचलं. अक्षर सुरेख होतं. तळं सुरेख, बदकं सुरेख, मोहरी तर काय विचारता. आणि सगळं मिळून कुणी सहलीला जाऊन आल्यासारखं झालं होतं. त्या माणसानं मरणाच्या दारात उभं राहून ती बदकं पाहिली होती, म्हणून ती बदकं होती. तिनं दार काढून टाकलं होतं. उरलं होतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं चित्र. वच्छलाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं वही पालथी घातली.

शुक्रवारी बाजाराची सुट्टी होती. सकाळीच ती तायड्यांच्या घरी गेली. गोजराबाई अंगणात ज्वारी पाखडत होती, इंद्रभान पडवीत चऱ्हाट वळत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“माहं चुकलं,” वच्छला म्हणाली. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज असतो तसा तिचा आवाज झाला होता. “मले वाटलं, म्हाताऱ्या मायबापाले तरास नको.”

त्याचे हात थांबले.

“तुमी त्यायच्यासाठीच काढलं,” तो म्हणाला. “मीही त्यायच्यासाठीच वर्षभर इकडे आलो नाई. तुमी पान गाळलं, मी गावच गाळलं. तुमाले काय बोलू?” मग खाली पाहत, चऱ्हाटाशी बोलल्यासारखा बोलला, “त्यायनं इचारलं त काय सांगू, बाई? पोरगा जाऊन राह्यला होता अन् मी फुलं पाहून राह्यलो होतो?”

वच्छलानं पर्समधून ते दीड पान काढलं.

“आज रस्त्याचं दुष्काळी काम बंद हाय. सेवालालचे मायबाप दोघंही घरी अस्तीन. मी वाचते, तुमी फक्त सोबत बसा.”

इंद्रभान नाही म्हणाला. पुन्हा नाही म्हणाला. मग गोजराबाईनं सूप खाली ठेवलं आणि एवढंच म्हटलं की पोरगी दारात किती वेळ उभी ठेवतोस. तेव्हा तो उठला.

गावातून तो तिच्यापुढं दहा पावलं चालला, लोकांनी बोलू नये म्हणून. नाला ओलांडल्यावर त्याची पावलं आपोआप हळू पडायला लागली आणि तिची भराभर. तांडा दिसू लागला तेव्हा दोघं बरोबरीनं चालत होते आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “परत जाऊ का?” त्यानं एकदा विचारलं. तिनं त्याची बाही धरली ती सोडली नाही.

रतनसिंग दारातल्या बाजेवर बसला होता. खडी फोडून हातांची सालं निघालेली. इंद्रभानला पाहून तो उठला नाही. त्याची बायको कस्तुराबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि चौकटीतच उभी राहिली. वच्छलानं आपण कोण ते सांगितलं, संमेलनाचं सांगितलं. हे कागद तुमच्याच घरचे आहेत, आधी तुम्हीच ऐका, तुम्ही म्हणाल तसं करू, असं म्हणून तिनं वाचायला सुरुवात केली.

“आम्ही मोहरीच्या वावरात पडून होतो. मोहरी कमरेइतकी होती आणि फुलांवर होती. सेवालाल म्हणाला, आपली करडई आता अशीच असेल. तेवढ्यात गोळा पडला. मी सरपटत त्याच्याजवळ गेलो. छातीला लागलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. फुलांचा पिवळा चुरा त्याच्या मिशीवर आणि पापण्यांवर बसला होता. ऊन होतं. त्या वेळी तो मला फार देखणा दिसला. त्याचा जीव जात होता आणि मी ते पाहत होतो. याची मला लाज वाटते.”

पुढचं अर्धं पान तिनं कसंबसं वाचलं. इंद्रभान जमिनीकडं पाहत बसला होता, फटका बसायची वाट पाहणाऱ्या पोरासारखा.

“मिशी?” रतनसिंग म्हणाला. “मिशी ठेवली होती त्यानं?”

“हो, काका,” इंद्रभान म्हणाला. “लय जपे. रोज आरशात पाहे.”

“म्या त्याले सांगितलं होतं, ठेवू नको. चोरावानी दिसशीन.” म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. ते हसण्यानं की रडण्यानं, हे वच्छलाला कळलं नाही; मग कळलं की दोन्हीनं. “परत वाच, बाई. ऊन होतं, ते वाच.”

तिनं परत वाचलं.

“तारेत काई नव्हतं,” रतनसिंग म्हणाला. “एक ओळ. वर्ष झालं, माह्या मनात पोरगं अंधारात पडून हाय. चिखलात. एकटंच.” त्यानं इंद्रभानकडं पाहिलं. “तुह्या मांडीवर होतं?”

“हो.”

“अन् ऊन होतं.”

“हो, काका. लख्ख.”

“मंग लाज कायची तुले? त्याच्याकडे पाहाले कोणीतरी पाहिजेच होतं. मी असतो त म्याही त्याच्या तोंडाकडेच पाह्यलं असतं.”

कस्तुराबाई तोवर चौकटीतून पुढं आली होती. तिला एकच विचारायचं होतं. “जेवला होता का तो?”

इंद्रभाननं वर पाहिलं, आणि वच्छलानं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहिलं. “सकाळी पुऱ्या होत्या, काकू. त्याच्या चार अन् माह्या दोन. सहाच्या सहा त्यानंच खाल्ल्या.”

“तसाच होता मेला,” असं म्हणून कस्तुराबाई पदर तोंडाशी धरून हसली, आणि मग मोकळी रडली. रडून झाल्यावर ती आत गेली आणि चूल पेटवली. जेवल्याशिवाय तिनं त्या दोघांना हलू दिलं नाही. इंद्रभान दोन भाकरी जेवला. त्याच्या पोटात इतकं अन्न गेलेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही, असं नंतर गोजराबाईनं सांगितलं.

शनिवारी दुपारपर्यंत वच्छलानं ब्लेडनं जुनं शेवटचं पान कापलं, नवी पानं लिहिली आणि दाभणानं शिवली. ते दीड पान लिहिताना ती एकदाही थांबली नाही. दौलतराव आडवे येणारच होते, पण रतनसिंग स्वतः त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, गुरुजी, माझ्या पोराचं नाव गावानं पुरं ऐकू द्या. मग त्यांचं काय चालणार?

मांडवात बायाबापड्या होत्या, पोरं होती, रिसोडकडून आलेले कुणी साहेब होते. तिनं बदकं वाचली तेव्हा लोक हसले. सेवालालचं दीड पान वाचलं तेव्हा पोरंसुद्धा पुढं सरकून ऐकायला लागली. रतनसिंग पहिल्या रांगेत ताठ बसून होता आणि मिशी आली तेव्हा त्यानं शेजारच्या साहेबांना कोपरानं ढोसलं. दौलतराव चष्मा पुसत होते. एकदा पुसून त्यांचं भागलं नाही.

ऊन कलल्यावर मांडव रिकामा झाला. वच्छला सतरंजीच्या घड्या घालत होती. इंद्रभान आला, त्यानं सतरंजीचं दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता दोघं समोरासमोर आले आणि टोक सोडायचं दोघंही विसरले.

“बाई,” तो म्हणाला, “मले काही सांगाचं होतं. लिहून देऊ का?”

“नका देऊ. माह्या हाती कागद आला की मी काटछाट करतो.” बोलता बोलता तिचं ‘करते’ राहून गेलं, गावच्या बायांसारखं ‘करतो’ आलं, आणि ती लाजली.

तो हसला. मग हसू थांबवून नीट उभा राहिला. “मंग आयक, वच्छला.” बाई गेलं, तुमी गेलं. “मले तू पाहिजे. उद्या माय तुह्या आत्याकडे येतो म्हणते. मे महिन्यात मी सुट्टी टाकतो. तुही नोकरी हाय तशीच राहीन. घरात तुह्या पुस्तकायले एक फळी ठोकून देतो...” तो थांबला.

तिला लगेच हो म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकाशी आलंही होतं. पण तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं.”

“नाई झालं. तू काहीतरी गाळलं.”

त्यानं सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली. बाहेर कुणीतरी मांडवाचे बांबू उपटत होतं.

“सोमवारी मी बर्फाकडे चाललो,” तो शेवटी म्हणाला. “वर चौकी हाय. मे महिन्यात येईनच असं मले सांगता येत नाई. सेवालालही येतोच म्हणला होता. अन्...” त्याचा आवाज खाली गेला. “मी झोपेत वरडतो, वच्छला. घामानं भिजून उठतो. मायले अजून माहीत नाई.”

ही वाक्यं तिला नको होती. आठ दिवसांपूर्वी तिनं ती अलगद बाजूला काढून घडी करून ठेवली असती. आज तिनं एकेक शब्द ऐकून घेतला, आणि मग दोन पावलं पुढं होऊन सतरंजीचं त्याच्या हातातलं टोक आपल्या हातात घेतलं. त्याची बोटं गार पडली होती. ती तिनं तशीच धरून ठेवली.

“आता पुरं झालं,” ती म्हणाली. “आता इचार.”

“येशीन माह्या घरी?”

“येईन. अन् झोपेत वरडशीन तवा एकटा बसू नको. मले उठवजो.”